दातांची खाच

थोरल्या,

तुला उठवलं नाही, हॉस्पिटलात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, माझी वाट बघू नकोस.

तू चकचकीत केलेला बाबांचा तंबाखू ओढायचा काळा पाईप काल त्यांच्याकडे नेला होता. माणसं ओळखत नाहीत, निदान पाईप तरी ओळखतील म्हणून तोंडात दिला. त्यांनी दांडी दातांत दोनदा फिरवली आणि जिभेने बाहेर ढकलली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. चावून चावून पडलेली त्यांची खाच तू घासून सपाट केलीस ना. तुझा दोष नाही. कुत्र्याने चघळल्यासारखं दिसतं, घासून टाक, असं मीच म्हणाले होते. माझ्या जिभेला कधी हाड होतं?

पहाटे त्यांनी जन्मभर जमवलेल्या पाईपांची तिन्ही खोकी उपसली. तीनशे पाईप अंगठ्याने चाचपले. एकावरही खाच उरली नाही. जन्मात कुठलं काम पुरं केलं नाहीस, नेमकं हे केलंस.

टेबलावरचा पॉलिश पेपर उचल, मला तो दिसायला नको.

आज काही नेत नाहीये. ‘बाई, तुम्ही कोण?’ असं विचारलं, तर तिथली नर्स म्हणून सांगेन. परक्या बाईच्या हातून ते घास घेत नाहीत.

आई