कपाळावरचा व्रण

प्रिय आईस, लेकीचा नमस्कार.

वॉर्डात कांजिण्यांची साथ आहे, पण घाबरू नकोस. मोठ्या सिस्टरांनी आम्हा सगळ्या नर्सांचं रक्त तपासलं. लहानपणी भेटलेल्या त्या विषाणूचा चेहरा माझं रक्त अजून विसरलेलं नाही. आला की दारातच धरतं. म्हणून पोरांजवळ मलाच ठेवलंय.

हात धुऊन धुऊन भेगा पडल्यात, एवढंच. जेवते वेळेवर, बहुतेक. दादाचा गुडघा कसा आहे?

लहानपणी त्याला कांजिण्या आल्या, तेव्हा तू नकळत आम्हा दोघांना एकाच पांघरुणात झोपवलंस आणि मलाही त्या आल्या. माझा व्रण बघून अजून हळहळतेस. काल एक तापलेली पोर माझ्या कुशीत झोपली. तिची आई पोटुशी, तिला आत सोडत नाहीत. तुझ्याच पांघरुणात झोपली म्हण.

तुझी,
व्रणवाली