चिंगीचं पोट

२ डिसेंबर

चिंगी गाभण! सासूबाईंनी जाहीरच करून टाकलं. आठ वर्षांची कुत्री, या वयात! पण पोट सुटलंय, पाणी घटाघटा पिते—अजून काय पुरावा पाहिजे? लगेच तिच्यासाठी जुनं लुगडं अंथरलं, साजूक तुपातला शिरा केला. माझ्या वेळी मला एवढं तूप मिळालं नव्हतं! चिंगी शिऱ्याला तोंड लावेना. "डोहाळे हायेत तिचे,"—सासूबाई.

४ डिसेंबर

आजही खाल्लं नाही. अंग गरम लागतंय. अकोल्याला डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर सासूबाई आडव्या आल्या. "गाभणीले गाडीत हादरे बसतीन. काहून जीव घेतं तिचा?" ह्यांनीही आईचीच री ओढली. असा राग आला!

५ डिसेंबर

चिंगी उठली नाही. हाक मारली तर शेपूट तेवढी हलवली.

६ डिसेंबर

पहाटे हे अकोल्याच्या बाजारासाठी गाडीत शेवंतीचे क्रेट चढवत होते, त्यांच्यातच मी चिंगीला ठेवलं. कुणाला विचारलं नाही! सासूबाई निमूट येऊन शेजारी बसल्या. अकोटपासून अकोल्यापर्यंत त्यांचा हात तिच्या पाठीवर.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे केस काढले, थंडगार जेल लावलं. सोनोग्राफी सुरू. सासूबाई पडद्यावर वाकलेल्या—"किती पिल्लं हायेत, बाई?"

बाईंनी मशीन पोटावरून पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, "पिल्लं नाहीत, आजी. हे काळं दिसतंय ना, तो पू आहे. गर्भपिशवी भरलीय. आजच काढावी लागेल, नाहीतर हातची जाईल."

सासूबाईंनी चिंगीचं डोकं कुशीत घेतलं. "मी तिले शिरा चारून राहिली होती, अन् तिले आतून…" माझा राग कुठल्या कुठे गेला. किती जीव लावतात त्या! मी त्यांना पाणी दिलं.

८ डिसेंबर

वाचली!! पोटाला टाके आहेत, पण आज माझ्या हातून चार घास भात खाल्ला. मी चक्क रडले. हे मला हसले, मग स्वतःच डोळे पुसत बाहेर गेले.

९ डिसेंबर

भांडी घासताना सासूबाईंनी विचारलं, "रागिणी, ते मशीन दुखत नसंन ना वं?"

नुसतं वरून फिरवतात, म्हटलं.

"मंग माह्या पोटावर फिरवून पाह्य. दिवाळीपासून काईतरी लागते हाताले."

माझा हात धरून त्यांनी तिथे ठेवला.

गाठ आहे.