जुळवलेलं तेल

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
दि. १३ जानेवारी २०२५

ती. हौसाआत्यास,
विनीतचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाळकुमहून निघालो तो सुखरूप खोलीवर पोचलो. फोन करणार होतो, पण तू कानाचं मशीन काढून ठेवतेस आणि मी काहीही विचारलं तरी जेवले म्हणून सांगतेस. म्हणून लिहायला बसलो.

मितेशदादाचं घर छान आहे. चौदाव्या मजल्यावर वारा भरपूर. शिवानीवहिनीने मला ट्रेमधून चहा दिला, बशीत बिस्किटं मांडून, पाहुण्यांना देतात तसा. ज्या आत्याने मला आईमागे मोहन्याच्या चाळीत वाढवलं, तिच्या मुलाच्या घरी मी पाहुणा झालो. हे मी काही मनावर घेतलेलं नाही.

मनावर घेतलं ते दुसरंच. दिवाळीत तुला नागीण झाली, ती गेली, पण तिची आग कुशीत राहिली, हे मला माहीत आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तुला गरगरायचं, हेही माहीत आहे. पण वहिनी चमच्यात कोमट तूप घेऊन त्यात थेंब मोजते आणि तू पाखराच्या पिलासारखं तोंड उघडतेस, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी पाठ चोळायला बसलो तर तू म्हणालीस की राहू दे, शिवानीने सकाळीच चोळली. शेजारच्या सुमेधाताईंना तर माझ्यासमोर सांगितलंस की शिवानीच्या हाताला यश आहे. माझ्या हाताला काय झालं होतं, आत्या? चाळीत तुझे पाय कोण चेपायचं?

दादा खाली सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं की ते भांगेच्या पानांचं तेल आहे, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं, बेकायदा नाही. नसेल. पण चाळीत कुणी चिलीम ओढली तर तू खिडक्या लावून घ्यायचीस आणि माझ्या नाकावर पदर धरायचीस, ते मी विसरलेलो नाही.

मला काळजी वाटते, एवढंच. त्या तेलाचा एक कापसाचा बोळा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून मला पाठव. आमच्या कारखान्यात दिवसभर साबणाचे नि अगरबत्तीचे वासच मिसळायचे असतात. त्यात काय आहे ते मी नाकाने सांगतो. वहिनीला कळवायची गरज नाही.

तुझ्या आशीर्वादात माझा वाटा होता तेवढाच ठेव, कमी करू नकोस.

तुझा,
विनीत


बाळकुम, ठाणे
दि. १८ जानेवारी

चि. विनीत यास हौसाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र मिरचीसारखा. तू काळजी म्हणून लिहिलंस, पण पाकीट उघडल्याबरोबर इथे जळका वास सुटला रे. मितेशला वाटलं दूध करपलं.

ट्रेचं म्हणशील तर ती मलासुद्धा ट्रेमधूनच देते. मी सांगून दमले.

थेंबांनी मला गुण आहे. आग पूर्ण गेली नाही, पण कुशीवर पडता येतं, झोप लागते. झोपेची किंमत तुला काय कळणार, तू तर शाळेतसुद्धा झोपायचास. शिवानी वागळे इस्टेटच्या एका प्रयोगशाळेत झाडापानांची तेलंच तपासते, म्हणून मी तिला नीट विचारून घेतलं. ती म्हणाली, भांगेच्या पानाला जो वास येतो तो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. तीच लवंगेत, मिऱ्यात, लिंबाच्या सालीत असतात. त्यातल्या एकाने सूज उतरते, एकाने जीव शांत होतो, असं उंदरांवर दिसलंय, माणसांचं अजून पक्कं नाही. मी विचारलं की मग मी काय उंदीर आहे का, तर हसता हसता तिच्या हातातली वाटी पडली.

मनात अढी धरू नकोस. पोरगी चांगली आहे. तू हट्टी आहेस म्हणून बोळा पाठवते आहे. तिला विचारूनच पाठवते, चोरून नाही.

माया आहे तेवढी आहे, ती तोलत बसू नकोस.

तुझी,
आत्या


मानपाडा
दि. २७ जानेवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बोळा मिळाला. तिला विचारायला नको होतंस, पण असो.

आमच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचा साबण घेऊन येतं आणि तस्साच वास करून मागतं. त्याला मॅचिंग म्हणतात. कागदाच्या एका पट्टीवर त्याचा नमुना घ्यायचा, दुसऱ्या पट्टीवर आपलं मिश्रण, आणि नाकाला फरक कळेनासा होईपर्यंत जुळवत राहायचं. बारावी मी अर्ध्यात सोडली हे सगळ्यांना आठवतं, पण अवघड मॅचिंग आलं की साहेब मलाच बोलावतात, हे तू कुणाला सांगत नाहीस.

तर तुझं औषध मी जुळवलं. आधी हिरवा, कैरीच्या देठासारखा वास येतो, तो मिरसिनचा. मग लिंबाची साल, ते लिमोनिन. मागून मिरी आणि लवंग, ते कॅरिओफायलिन. अगदी शेवटी फुलासारखं गोडसर, ते लिनालूल. सगळी आमच्या रॅकवर उभी आहेत. वहिनीने तुला सांगितली ती द्रव्यं हीच. मी ती खोबरेल तेलात घातली आणि दोन्ही पट्ट्या डोळे मिटून हुंगल्या. कुठली तिची आणि कुठली माझी, मलाच ओळखता येईना.

म्हणजे भांग नाही, नशा नाही, आणि गुण तोच. बाटली आपल्या चाळीतल्या भिवाकाकांच्या हाती पाठवतो, ते मुलीकडे बाळकुमला चाललेच आहेत. सकाळ-संध्याकाळ कुशीला चोळून लाव. तिचे थेंब बंद कर, दोन्ही एका वेळी कशाला? आणि गुण आला की कुणाच्या हाताला यश आहे तेही सांग शेजारी.

तुझ्या पायाशी जागा असू दे.

तुझा,
विनीत


बाळकुम
दि. २ फेब्रुवारी

चि. विनीत यास अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. भिवा चहालाही थांबला नाही, ट्रे बघून पळाला.

वास अगदी तोच रे बाळा. झाकण उघडलं आणि तू शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. थेंब बंद केले आहेत. शिवानी चमचा देते तो मी तोंडात धरते आणि तिची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकते. बरं वाटत नाही असं करायला, पण तुझं मन मोडवत नाही. तेल जरा तिखट आहे, लावलं की चुरचुरतं. म्हणजे लागू पडत असणार. सुमेधाला तुझं नाव घेऊन सांगितलं. झालं समाधान?

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या


बाळकुम
दि. ९ फेब्रुवारी

प्रिय विनीतभावजी,
स. न. वि. वि.

हे पत्र मितेशच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती आजच्या आज द्या, पण मला नको, आईंना.

काल आईंचं पोलकं कुशीला चिकटलेलं दिसलं. भिजवून सोडवलं. खाली कातडी सोलवटलेली आणि फोड. आधीच जिथे आग होती, तिथेच. डॉक्टरांनी धुवून मलम दिलं आणि दुसरं काहीही लावायचं नाही म्हणून बजावलं. त्यानंतर उशीखाली तुमची बाटली सापडली आणि आईंच्या तोंडून हळूहळू सगळं बाहेर आलं. कितीतरी रात्री त्या झोपलेल्या नाहीत. आम्हाला चकार शब्द नाही.

भावजी, तुम्ही वास जुळवलात तो हुबेहूब. मी हुंगून पाहिला आणि फसले. पण औषध नुसत्या वासात नसतं. पानातल्या ज्या द्रव्यांवर वैद्यांची मुख्य भिस्त आहे त्यांना वासच नाही, ती तुमच्या पट्टीवर कशी येणार? आणि तुमची ती द्रव्यं साबणात थेंबभर घालायची. हवा लागून जुनी झाली की ती कातडीला चावतात. लवंग घरातली आहे म्हणून कुणी लवंगेचं तेल डोळ्यात घालत नाही.

तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. अडचण वेगळीच आहे. मी बाटली मागते तर आई देत नाहीत, मुठीत धरून बसल्या आहेत. थेंबही घेत नाहीत. म्हणतात, विनीतला कळलं तर त्याला वाटेल त्याचं टाकून हिचं घेतलं. तूप कोमट करून देणारी मी, आणि मूठ मिटलेली तुमच्या बाटलीवर. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. या घरात येऊन मला तीन वर्षं झाली. माझं मन राखायला त्यांनी कधी एक फोडही लपवला नसता.

मितेश चिडून थकला. आता त्या तुमचंच ऐकतील. नुसतं काळजी घे म्हणून लिहू नका. काय लिहायला हवं ते तुम्हाला माहीत आहे.

राग धरू नका, माझाही उतरेल.

आपली,
शिवानी


मानपाडा
दि. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

दादा खाली टपरीवर थांबला आहे. त्याचा चहा कधीच संपला असेल. तरी हे मी सावकाश, खाडाखोड न करता लिहितो आहे, कारण खोडलेलं दिसलं की तू उजेडात धरून त्याखालचं वाचतेस.

चुरचुरत होतं ते लागू पडत नव्हतं, भाजत होतं. बाटली वहिनीच्या हातात दे. वाचणं इथेच थांबव, आधी बाटली दे आणि मग पुढे वाच. कुंडीत ओतू नकोस, झाड मरेल.

दिलीस? मग ऐक. मी वास जुळवला. गुण जुळवता येत नाही मला. थेंबांनी तुला झोप लागते ती त्या वासामुळे की पानातल्या दुसऱ्याच कशामुळे, हे वहिनीलाही छातीठोक सांगता येत नाही, आणि तसं तिने तुला आधीच सांगितलं होतं. मी मात्र गुण तोच असं लिहून मोकळा झालो.

तू माझ्यासाठी फोड लपवलेस, हे वहिनीच्या पत्रात वाचलं तेव्हा आधी रडू आलं. मग, तुझ्याशी खोटं काय लिहू, बरं वाटलं. तिच्यासाठी लपवले नसतेस, हेही तिनेच लिहिलं आहे आणि ती ओळ मी दोनदा वाचली. असं बरं वाटणं चांगलं नाही. म्हणून पुढचं लिहितो.

वहिनीच्या हातचे थेंब माझ्या तेलापेक्षा चांगले आहेत. तिच्या हाताला यश आहे. तू माझं टाकून तिचं घेतलंस तर मला वाईट वाटणार नाही. तिचं टाकून माझं घेतलंस तर मी बाळकुमला पाऊल टाकणार नाही. आज तिच्यासमोर चमचा गिळ आणि तोंड उघडून दाखव.

हे मी एकदाच लिहितो आहे. पुन्हा ऐकावंसं वाटलं तर हाच कागद काढ, मला पुन्हा लिहायला लावू नकोस. आणि हा कागद वहिनीला वाचायला दिलास तरी चालेल. नको, देऊच नकोस.

कूस बरी होईपर्यंत लोभ तिच्यावर असू द्यावा. त्यानंतर आमच्याकडेही थोडा वळवावा.

तुझा,
विनीत