पोस्टरवर फक्त माझं नाव

२ जून
आजपासून नवं पर्व. पोस्टरवर फक्त माझं नाव, बँडचं नाही. त्या चौघांना माझ्या गळ्याच्या जिवावर इतकी वर्षं पोसलं, आता पुरे. मेहुणा (तोच मॅनेजर) म्हणाला, दाजी, खाली बारीक अक्षरात 'माजी गायक' म्हणून बँडचं नाव टाकू या. साफ नाही म्हटलं. सूर्याला ओळखपत्र लागत नाही. वाक्य छान झालंय, मुलाखतीत वापरणे.

५ जून
संकल्प: सिगारेट बंद. सकाळी वाफ. गळ्याला आराम म्हणून दुपारपर्यंत मौन. बायको म्हणाली, संध्याकाळपर्यंत वाढवलंत तरी चालेल.

६ जून
मौन मोडलं. प्लंबरशी भांडण. सिगारेट एकच, तीही नंतर प्लंबरला सोबत म्हणून.

११ जून
रिहर्सल. सगळी नवी गाणी; जुनं हिट गाणं अजिबात घ्यायचं नाही. वरचा सूर लागला नाही. खोलीत धूळ फार. भाड्याचा गिटारवाला म्हणाला, सर, पट्टी थोडी उतरवू का? त्याला झापलं. तो कागदात बघून वाजवतो, माझ्याकडे बघतच नाही. आमच्या बँडचा गिटारवाला लंबू मी श्वास कुठे घेणार हे माझ्या पाठीवरून ओळखायचा. असो. लंबू उद्धट होता.

१२ जून
पट्टी उतरवली. बरीच. खर्जात अनुभव दिसतो.

१९ जून
विकलेली तिकिटं माझ्या उरलेल्या दातांपेक्षा कमी. लोक विचारतात म्हणे, हा कोण? पोस्टरं चुकीच्या जागी लावलीत. दवाखान्याच्या भिंतीवर गाणं कोण वाचतं?

२० जून
स्वतः जाऊन पोस्टरशेजारी उभा राहिलो, गॉगल काढून. दोन बायका थांबल्या, पोस्टर वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला वेळ विचारली. फार लागलं मनाला. घरी येऊन जेवलो नाही. म्हणजे थोडंसंच जेवलो.

२१ जून
मेहुण्याला फोन. बारीक अक्षरात बँडचं नाव टाकायला परवानगी दिली. त्या चौघांचीही जरा जाहिरात होईल. मन मोठं असावं माणसाचं.

२४ जून
मेहुणा म्हणतो, आपल्या श्रोत्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हटलं, मग कर मोठं.

२७ जून
हाउसफुल. मी म्हणतच होतो. नवं पोस्टर पाहिलं नाही अजून. गरजही नाही.

३० जून
कार्यक्रम झाला.
हॉलच्या दारात पोस्टर पाहिलं. बँडचं नाव हातभर. माझं तळाशी, पार्किंगच्या सूचनेच्या वर. चष्मा लावून वाचावं लागलं.
दोन नवी गाणी म्हटली. टाळ्या पडल्या, सभ्य माणसं वाजवतात तशा. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, बाकीचे कधी येणार?
काय सांगणार? ट्रॅफिकमध्ये अडकलेत, म्हटलं, येतीलच.
मग जुनं गाणं घेतलं. वरच्या सुराला माइक लोकांकडे धरला. त्यांना लागला.
गाणं संपलं तरी सगळे दाराकडे बघत होते. मीही बघत होतो. लंबू नेहमी उशिराच यायचा.