हॅस्केलसाठी सहा आमिषं

पिकेट्स फेरी, अलाबामा
मंगळवार, १६ मार्च २००४

चि. जुनेल हिस,
थर्मनकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या गुरुवारी पोचलं. इकडे आम्ही दोघं हिंडतोफिरतो आहोत, म्हणजे ठीकच. तुझ्या व्हर्नाआत्याचा गुडघा पाऊस येणार असला की रेडिओच्या आधी बातमी देतो. कांदा लावून झाला. पीचची झाडं फुलली आहेत आणि यंदाही थंडी एकदा मागे वळून त्यांचा घास घेणार, असं आत्या म्हणते. ती दरवर्षी म्हणते आणि निम्म्या वेळा खरं ठरतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्या बाबांचा, आमच्या हॅस्केलचा, उजवा हात हट्टी झालाय, डॉक्टर म्हणतात हाताला काम द्या, तुमच्या घरामागे तळं आहे, लाकडी धक्का आहे, जावईबापूंनी मासे धरायची नवी काठी आणून दिली, आणि हॅस्केल आठवडाभर ती मांडीवर घेऊन बसला, दोरीला काही न बांधता. काय बांधायचं विचारलं तर दोन महिन्यांत पहिल्यांदा पुरं वाक्य बोलला : "दाजींना विचार. सहाच सांगा म्हणावं."

मग तू दुकानात गेलीस, आमिषांनी भरलेली भिंत पाहिलीस आणि रिकाम्या हातानं परत आलीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. त्या भिंतीवरचे निम्मे रंग माशाला दिसतसुद्धा नाहीत, गिऱ्हाइकाला दिसतात.

पत्राच्या तळाशी दुसऱ्या पेनानं तू आणखी एक विचारलंयस. ब्याण्णव सालच्या मासेमारीच्या स्पर्धेत बाबांनी खरंच लबाडी केली होती का; ते सांगत नाहीत, आणि ते आहेत तोवर तुला कळायला हवं.

वाचलं. आधी सहाचं बघू.

आज दुपारी गॅरेजात टेबल मोकळं केलं आणि सगळे डबे पालथे घातले. तेराशेच्या वर आमिषं निघाली. माणसानं आयुष्यात काय जमवलं हे असं एका टेबलावर मांडू नये. आत्या दारात येऊन म्हणाली, "एवढ्यात एक स्वयंपाकघर झालं असतं."

सहा निवडायची ती अशी, की पाणी गढूळ असो की नितळ, उन्हाळा असो की हिवाळा, काही ना काही हाताशी असावं. आणि हॅस्केलचा हात लक्षात घेऊन निवडायची. नुसत्या माशाचं बघायचं असतं तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

पहिलं, रबराचं गांडूळ. वीतभर लांब, वांग्याच्या रंगाचं. गळाचं टोक त्याच्याच अंगात लपवायचं, म्हणजे बुडालेल्या झाडात अडकत नाही. पाण्यात टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि बसून राहायचं. हेच यातलं कसब. मासा लागला की दोरीतून बारीकशी टिचकी येते, कुणी दारावर नखानं वाजवावं तशी. हॅस्केलला ती टिचकी माझ्याआधी कळायची. आम्ही एकोणीस वर्षं एका बोटीत जोडीनं मासे धरले. तो पुढे, मी मागे. "दाजी, तुमचा हात आहे की पळी? ढवळता काय, आमटी आहे का?" असं दिवसातून चारदा तरी ऐकलंय. हळू हातासाठी हे आमिष चांगलं. हेच आधी बांध.

दुसरं, फिरत्या पात्याचं. तारेला दोन पितळी पाती आणि खाली पांढऱ्या झिपऱ्या. वारा सुटून पाण्यावर सुरकुत्या पडल्या की हे. नुसतं टाकायचं आणि गुंडाळत आणायचं. याला अक्कल लागत नाही, म्हणून मला आवडतं.

तिसरा, चौकोनी जिभेचा लाकडी मासा, तळहातापेक्षा लहान. ओढला की मुंडी खाली घालून डुलत जातो. लोक तो ओंडक्यांपासून जपून नेतात. उलट ओंडक्यावर आपटू द्यायचा. आपटून बाजूला उडाला की त्या क्षणी बास मासा तोंड मारतो. नीट पोहणाऱ्याकडे तो बघत नाही, ठेचकाळलेल्यावर धावतो. माणसांतही ही खोड असते.

चौथा खुळखुळा, पोटात छर्रे असलेला, बिनजिभेचा. आत्ता मार्चात पाण्यातल्या गवतावरून न्यायचा, गवतात अडकला की हिसडा देऊन सोडवायचा. हिसडा उजव्या हाताला जमणार नाही. जावईबापूंना रिळाची मूठ उलट्या बाजूला लावून दे म्हणावं, मग रीळ उजव्यानं फिरेल आणि हिसडा डाव्यानं. डॉक्टरला हवं तेच होईल आणि हॅस्केलला वाटेल आपण मासे धरतोय.

पाचवा पॉपर. पाण्यावर तरंगतो, ओढला की 'गुळुक' करतो. जून लागला की सकाळी, पाणी आरशासारखं असताना. एकदा 'गुळुक' करायचं आणि भोवतीची वर्तुळं पुरती विरेपर्यंत हलवायचं नाही. लोकांना तेवढा दम निघत नाही.

सहावा म्हणून एक चमचा पाठवतो. चकचकीत पत्र्याचा असतो, खोल पाण्यात बरा.

बुधवार, सकाळ

काल इथवर लिहून कागद टेबलावर ठेवला आणि शेजारच्यांचा पंप बघायला गेलो. परत आलो तर आत्या चष्मा लावून तुझं पत्र वाचत होती, म्हणजे मी तुला लिहिलेलं.

"अहो, जिग कुठंय?" म्हणाली.

मी म्हटलं, चमचा आहे की.

"माझ्या भावानं जन्मात चमच्यानं मासा धरला नाही. कॉफीसुद्धा बोटानं ढवळायचा. त्याचं आमिष जिग. हे मला स्वयंपाकघरात बसून माहीत आहे, आणि तुम्ही एकोणीस वर्षं त्याच्या पाठीमागं उभे होतात."

मग म्हणाली, "पोरीनं दुसरं काहीतरी विचारलंय, ते कुठंय?"

मी म्हटलं, लिहितो.

तर सहावं आमिष जिग. शिशाची मुंडी, दणकट गळ, गळाभोवती रबराच्या काळ्या-तपकिरी झिपऱ्या, आणि टोकाला लावायचा रबराचा नांग्यावाला झिंगा. खडकाळ तळावरून उड्या मारत आणायचं. बासला वाटतं, झिंगा मागे मागे पळतोय. एकच ठेवायचं झालं तर हेच ठेव. मोठा मासा यालाच लागतो.

टोकाला रबराचाच झिंगा हवा. आमच्या स्पर्धेचा नियमच तसा होता. सगळं आमिष खोटं पाहिजे; जिवंत, मेलेलं, वास येणारं काहीही बोटीत चालत नाही.

एप्रिल ब्याण्णवची गोष्ट. मोठी खुली स्पर्धा, एकशेचाळीस बोटी, आणि आपल्या मासेमारी क्लबातली एकही जोडी तोवर ती जिंकली नव्हती. दुपारचे दोन वाजले होते, तीनला वजनकाट्यावर हजर व्हायचं. आमच्याकडे चार मासे होते, पाच लागतात. बोटीत मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी असते. बासला धरलं की घाबरून तो पोटातलं ओकतो. मी टाकीत पाहिलं तर तळाशी एक झिंगा पडला होता, अख्खा, एक नांगी हलत असलेला.

तो मी उचलला आणि माझ्या जिगला लावला.

हॅस्केलनं मागे वळून पाहिलं. म्हणाला, "दाजी, काढून फेका तो पाण्यात."

मी म्हटलं, "गंमत म्हणून एकदाच टाकतो, बघू तरी." आणि टाकला. जिग तळाला टेकायच्या आत दोरी बाजूला पळाली. साडेपाच पौंडांचा मासा होता. हॅस्केलनं जाळं घातलं. सवयीनं घातलं; मासा बोटीशी आला की तो जाळं घालायचाच. मग आम्ही दोघं त्या माशाकडे बघत उभे राहिलो. सोडायला हवा होता. मी टाकीचं झाकण उघडलं आणि तो आत ठेवला. त्यानंतर काट्यापर्यंत अळीमिळी गुपचिळी.

पाव पौंडानं आम्ही जिंकलो.

या मोठ्या स्पर्धांत जिंकलेल्या जोडीतल्या एकाला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात. कुणाला, ते टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरतं. हॅस्केलची चिठ्ठी निघाली. मला काय वाटलं ते लिहितो, कारण बाकी सगळं लिहितोच आहे : मला बरं वाटलं. तो यंत्राच्या व्हॅनमध्ये गेला आणि मी बाहेर कठड्यावर बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या.

प्रश्न असा असतो : तुम्ही किंवा तुमच्या जोडीदारानं नियम मोडला का? हॅस्केल म्हणाला, नाही. सुई उडाली. पुन्हा विचारलं, पुन्हा उडाली. तपासनीस बाहेर येऊन म्हणाला, हा गडी खरं बोलत नाही. लोकांनी तेवढंच ऐकलं. प्रश्नात जोडीदारही होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पंचांनी विचारलं, "हॅस्केल, काय केलंस?" त्यानं टोपी घातली आणि बोट ट्रेलरवर चढवायला गेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. त्याला क्लबातून काढलं, जन्मभरासाठी. मला सगळे बिचारा म्हणाले, मेव्हण्यानं फसवलेला बिचारा. पुढच्या वर्षी अध्यक्ष केलं. मी झालो. घाटावर बोट सोडताना लोक हॅस्केलकडे पाठ करायचे, किराणा दुकानातही. तू तेव्हा नर्सिंगला बाहेरगावी होतीस. वर्षभरात त्यानं बोट विकली आणि तिकडे टेनेसीला गेला. जायच्या आदल्या दिवशी आला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "राहू द्या, दाजी. ताईला या गावात राहायचंय."

मी राहू दिलं. बारा वर्षं. राहू द्यायला तोच म्हणाला होता, हे मी स्वतःला रोज सांगायचो आणि रोज पटवून घ्यायचो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. लबाडी मी केली.

शुक्रवार

हे पत्र परवाच टाकणार होतो. पण नुसतं तुला कळवून भागत नाही हे कळायला मला आणखी एक दिवस लागला.

बुधवारी दुपारी आत्याला सांगितलं. ती भेंडी कापत होती. सगळी कापून संपवली. मग म्हणाली, "बारा थँक्सगिव्हिंगची जेवणं झाली. त्याचं ताट मी मांडलं नाही. लबाड म्हणून मांडलं नाही." नंतर तिनं भेंडी तळली, आम्ही जेवलो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबर आहे.

काल संध्याकाळी क्लबाची बैठक होती. हात वर केला आणि उभा राहून सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं. हल्लीचा चिटणीस डेरिक तीस-बत्तीसचा असेल. तो वहीत लिहीत होता, मधेच थांबून म्हणाला, "काका, हॅस्केल म्हणजे कोण?" तेवीस माणसांत आम्ही पाचजण उरलोय ज्यांना माहीत होतं. ज्या प्रकरणावर मी बारा वर्षं गप्प बसलो ते बहुतेक खोलीला ठाऊकच नव्हतं.

म्हातारा ब्यूफर्ड मागून म्हणाला, "त्या माणसानं दुकानात माझ्यापुढे हात केला होता, थर्मन. मी खिशातून हात काढला नाही. आता सांगतोस?"

मी म्हटलं, "हो, आता."

"मग मी काय करू त्याचं?"

मी खाली बसलो.

ठराव झाला. हॅस्केलचं नाव परत सभासदांत, माझं कमी. ब्यूफर्डनं मांडला, डेरिकनं अनुमोदन दिलं, मी मत दिलं. ठरावाची नक्कल सोबत आहे, चिटणिसाच्या सहीची. ती त्याला दाखव, किंवा आधी तू ठेव. ते तू ठरव.

आत्या सोमवारच्या बसनं तुमच्याकडे येते आहे. आमिषांची डबी तिच्याजवळ देतो. सहाच आहेत, चमचा काढला. ती एकटी येतेय. मी येऊ का, हे मी विचारलं नाही. हॅस्केलनं बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर त्याला का म्हणून विचारू नकोस.

पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव, अगदी आमिषांपासून. गांडुळाच्या रंगावरून तो नक्की मोडता घालेल. घातला तर तो म्हणेल तो रंग आण, माझं ऐकू नकोस.

बारा वर्षं ज्यानं मान खाली घालायला हवी होती तो, आणि ती मान ज्यानं वर ठेवू दिली त्या हॅस्केलचा जोडीदार,

थर्मन प्रुइट