राक्षसाचा रुसवा

चि. हर्षास,

अड्याळहून चंद्रकुमारमामाचे अनेक आशीर्वाद. तिकडे पुण्यात तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील (नसशील, हे तुझ्या आईनं कळवलंच आहे). इकडे मी ठीक, मामी ठीक, धानही कापून झालं. ठीक नाहीत ते फक्त तुझे आबाजी. तुझ्या कादंबरीवर रुसले आहेत. फोनवरच सांगितलं असतं, पण ते खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकतात, म्हणून हे पत्र.

छापायला जाण्याआधी घरच्यांनी वाचावी म्हणून तू कागद पाठवलेस, ते मी रोज संध्याकाळी अंगणात बसून मोठ्यानं वाचले. गोष्टींतल्या दुष्टांच्या पोरांची कादंबरी, ही कल्पनाच झकास! राक्षस मेल्यावर त्याची मुलगी, चेटकिणीचा मुलगा आणि सावत्र आईची धाकटी असे तिघं राजाकडे निघतात, की महाराज, आमच्या नावातून आईबापाचं नाव काढून टाका, गावात आम्हाला कोणी चिमूटभर मीठसुद्धा देत नाही. (चेटकिणीच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, तिथे तर मामी हसून हसून बाजेवरून पडायची राहिली.) सगळ्यांना आवडलं. आबाजी मात्र पहिल्या दिवसापासूनच गप्प. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पितात.

मला वाटलं, नाव काढून टाकायची गोष्ट त्यांना लागली. कारण तुझी आई आणि मी खरोखरच राक्षसाची पोरं. (तुझ्या आईनं, राखीनं, हे तुला कधी सांगितलं की नाही, कोण जाणे. पुण्याला गेल्यापासून तिला बरंच आठवेनासं झालंय.) दिवाळी झाली की मंडई (तुमच्या पुण्यातली भाजीची नव्हे, आपली गावची जत्रा), मंडई म्हटली की नाटक, आणि नाटकात राक्षस म्हटला की टिकाराम, म्हणजे आपले आबाजी, हे गावात ठरलेलं होतं. डोमाकाका मिशी काढून राजकन्या व्हायचे आणि आबाजी त्यांना खांद्यावर टाकून पळवायचे. दुसऱ्या दिवशी बाजारात पार्वताबाई आबाजींना वांगी देत नसे. "पयले त्या पोरीले सोड, मंग वांगे ने," म्हणायची. आणि ती पोरगी, म्हणजे डोमाकाका, तिच्याच पुढ्यात बसून मिरच्या निवडत असायचे! एका वर्षी प्रेक्षकांतून चप्पल आली. आबाजींनी ती घरी आणून बक्षीस म्हणून खुंटीला टांगली आणि मालकीण मागायला आली तेव्हा तिला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं. शाळेत पोरं आम्हाला चिडवायची खरी, पण माझ्या गोट्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. काय दिवस होते, हर्षा! आजही मंडईचे बोर्ड लागले की मला उगीचच रंगाचा वास येतो.

आणि त्यांचं मरण! बाण लागला की आधी गुडघ्यावर, मग पेटीवाल्याच्या अंगावर, मग पडद्याला धरून गोल फिरून धाडकन खाली. लोक वन्समोअर द्यायचे, की आबाजी उठून पुन्हा पहिल्यापासून मरायचे. (राजपुत्राचं काम करणारा यावर फार जळायचा.) तुझ्या आईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पुढेच पोत्यावर बसली होती. तिनं भोकाड पसरलं. तर मेलेल्या राक्षसानं हळूच एक डोळा उघडला आणि तिच्याकडे पाहिलं. ती गप्प झाली. तेव्हापासून दरवर्षी तो डोळा उघडायचाच, आणि आम्ही दोघं नाटकभर त्याचीच वाट पाहत बसायचो. पुढे एका मंडईच्या तोंडावर आबाजी बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि राक्षसाचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्या वर्षीचं मरण राहिलं ते राहिलंच.

असो. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा, निघेल हळूहळू. तू मनावर घेऊ नकोस. कादंबरी उत्तम झाली आहे, तिच्यातलं एक अक्षरही बदलू नकोस.

तुझा,
चंद्रकुमारमामा

ता.क. एक अक्षरही बदलू नकोस असं वर लिहिलंय, ते खोडलंय असं समज. आबाजींना शेवटी विचारलंच, की नाव काढून टाकल्याचं वाईट वाटलं का? तर म्हणाले, "नाव काढू दे ना बाप्पा, त्याचं काय! पण मले पयल्याच पानावर मारून टाकलं, अन् तेबी कोनाच्या डोळ्यापुढं नाई. स्टेजवर आलोच नाई तं मी मरलो कसा?" तेव्हा बाई, शेवटच्या प्रकरणात राक्षसाला एकदा आण. मरायला ते तयार आहेत. फक्त मुलगी समोर बसलेली असू दे, आणि एक डोळा उघडण्यापुरती जागा ठेव.

आणखी ता.क. काल दुपारी आबाजींना चहाला हाक मारली, तर ओ नाही. हलवलं, तरी हलेनात. मामी रडायला लागली, मी अनवाणीच डॉक्टरकडे धावत सुटलो आणि फाटकाशी पोहोचलो तोच मागून आवाज आला, "हर्षाले लिवलं काय?" वळून पाहिलं, तर अंगणातल्या खाटेवर एक डोळा उघडा. लिहिलं, असं म्हणालो. त्यांचं म्हणणं लिहिलं नव्हतं, वरचं पत्र तसंच पडून होतं. म्हणून आज सगळी कामं टाकून हे दोन्ही ता.क. लिहायला बसलो. तूही जरा लवकर लिही, पोरी.