राजूच्या अल्बममधला म्हातारा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
आधी सगळ्यांची तब्येत. मी: ठणठणीत. खोकला आहे, पण तो माझा नाही, हवेचा. आमच्या हिचे, बायडाबाईचे, गुडघे: कालच्यापेक्षा बरे, असं मी म्हणतो, ती म्हणत नाही. समोरच्या टपरीवरच्या कारभारीचा मोतीबिंदू: पिकलाय, पण ऑपरेशनला त्याला मुहूर्त पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर: माझ्यासारखाच. डावा कर्णा: घसा बसलाय. उजव्यात कबुतरीण बाळंत झाली, सगळे सुखरूप.

बातमी: नात राजनंदिनी, म्हणजे आमची राजू, हिने पुण्याहून अल्बम पाठवला. पहिलाच. आठ गाणी, नाव 'पत्र्याखाली'. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच लाऊडस्पीकरच्या गोडाऊनमध्ये, मंडपाच्या गाद्या भिंतीला लावून, मोबाईलवर केला. म्हणते, आजोबा, रविवारी संध्याकाळी आठला नेटवर टाकणार, पण तुम्ही पास म्हणालात तरच.

योग्य माणसाला विचारलं. मिरजगावात चाळीस वर्षं आवाजाचा धंदा केलाय. निश्चय: नात आहे हे विसरून ऐकणे.

दुपारी १.
ऐकला. अरेरे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे सूंऽऽ, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत. गाते इतकी हळू, की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि उठलं तर मारेल. तबल्याच्या जागी पत्र्याची पेटी. दुसऱ्या गाण्यात आमच्याच कुकरची शिट्टी. (बरोबर समेवर पडली, पण ते कुकरचं कर्तृत्व.) चौथं आणि सहावं एकच गाणं आहे, सहाव्याला फक्त झोप आलीय.

फोन केला. म्हणाली, याला लो-फाय म्हणतात, मुद्दाम असं ठेवतात. म्हणजे चांगला माईक परवडला नाही, याचं इंग्रजी. आणि अल्बमवर लिहिलंय ते 'इंडी'? तर कंपनी वगैरे नाही, सगळं आपलं आपण. मालकही आपणच, हमालही आपणच. मग मी चाळीस वर्षं इंडीच होतो की! कुणी सांगितलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार.
तिसरं गाणं पाच वेळा ऐकलं. दोष शोधायला. 'एसटीच्या काचेवर बोटानं घर काढलं, स्टँड आला तसं पुसलं.' दोष सापडला नाही. चष्म्याला वाफ आली. चहा गरम होता.

आठवं गाणं सगळ्यांत गोड. पण त्यात मध्येच कुणी म्हातारा शिरतो. खोकतो. मग राजूच्या सुरात सूर मिसळायला जातो; सूर त्याला लांबूनच हात करून निघून जातो. शेवटी विचारतो, "आवाज येतोय का?"
हे माझं वाक्य! मिरजगाव ते खर्डा, प्रत्येक मंडपात, प्रत्येक माईकवर मीच म्हणत आलो. पुण्यात कुणी खोकड गाठून माझी नक्कल करवली असणार. बायडाबाईला ऐकवलं. तोंडाला पदर लावून आत पळाली. तिलाही सहन झालं नाही.

७ जानेवारी, बुधवार.
राजूला स्पष्ट सांगितलं: सात गाणी ढकलपास. आठवं नापास. तो म्हातारा काढ. म्हणाली, आजोबा, त्याच्यासाठीच तर अल्बम केलाय. मी म्हणालो, म्हाताऱ्यांना डोक्यावर बसवू नये. तिनं विचारलं, "खरंच काढू?" मी म्हणालो, "मुळासकट." "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. घसा बसल्यासारखा वाटला. पुण्याची हवा.

९ जानेवारी, शुक्रवार.
नवीन आठवं आलं. म्हातारा गेला. एकदम स्वच्छ. बिनमिठाच्या आमटीइतकं स्वच्छ. माझा मोबाईल बिघडला असावा. पास कळवलं. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गुडघे असणार.

निश्चय: रविवारी अल्बम कर्ण्यावर लावणे. गावाला कळू दे.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.
कारभारी पहिल्या दिवसापासून माझा गडी, झाडावर चढून कर्णे बांधायचा. आता समोरच चहाची टपरी आहे. त्याच्या डोळ्यांमुळे आज त्याला बोलावलं नाही. मीच डावा कर्णा ओट्यावर मांडला. ट्रायल घेतली. घाईत जुनं आठवं लागलं. खोकला. गुणगुण. "आवाज येतोय का?"

टपरीवरून कारभारी ओरडला, "येतोय, मालक, येतोय! पार हायवेपतूर!" दूध उतू जाऊ देऊन पळत आला. म्हणालो, अरे, मी कुठं विचारलं? म्हणाला, "मालक, डोळं गेल्यात माजं. कान न्हाई."

परत लावलं. कर्ण्यातून मीच बोलत होतो. मग आठवलं. दिवाळी. राजू गोडाऊनमध्ये गात होती, आणि मी दार ढकलून अ‍ॅम्प्लिफायर तपासायला शिरलो होतो.

चाळीस वर्षं माझा आवाज मी कर्ण्यातूनच ऐकला. कर्ण्याशिवाय मी इतका म्हातारा आहे, हे कुणी बोललं नाही.

बायडाबाई म्हणाली, "मला पयल्याच दिवशी कळलं. म्हणलं, आवाजाचा धंदा ह्यांचा, ह्यांनाबी कळंल."

७.२०.
आठला अल्बम नेटवर जाणार, आणि राजूचा फोन बंद. मेसेज पाठवला. इथे उतरवून ठेवतो:
'चि. राजू, घसा कसा आहे? नवीन आठवं नापास. जुनं पास. तो म्हातारा परत घाल. बेसूर आहे, खोकतो, तरी घाल. कुणी विचारलं तर लो-फाय म्हण.'

७.४०. एकच टिक.

७.५२. एकच टिक. कारभारी आणि ही, दोघं ओट्यावर बसलेत. कर्णा बंद करायचा राहिला, सूंऽऽ करतोय. वाईट वाटत नाही ऐकायला.

७.५८. दुसरा मेसेज:
'राजू, लवकर लिही गं. आवाज येतोय का?'